पेडल मऊ लागतंय की खाली बसतंय? हवा काढायला घेण्याआधी हे तपासा

ब्रेकचं पेडल बिघडलं की गॅरेजमधला क्रम ठरलेला असतो. आधी ब्रेकच्या पाइपमध्ये अडकलेली हवा काढायची. फरक पडला नाही तर पुन्हा काढायची. तरीही पाय खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, बदलायचा. चार-पाच हजार खर्च झाल्यावर कळतं की मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) सैल होते आणि मास्टर सिलिंडर ठणठणीत होता. हवा काढणं हा एका विशिष्ट दोषावरचा इलाज आहे, त्यावरून निदान होत नाही. पेडल नेमकं कसं वागतंय हे आधी ओळखलं तर अर्धं काम एकही नट न खोलता होतं.

इथे रस्त्यावर सर्वाधिक दिसणारी रचना धरली आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर आणि दोन सर्किटांचा (ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांचा) मास्टर सिलिंडर असलेली छोटी हॅचबॅक किंवा सेडान. एप्रिल 2019 नंतर विकलेल्या नव्या गाडीत एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असतंच, त्याचा वेगळा विचार पुढे आहे.

इशारा: पेडल जमिनीला टेकत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. फ्लॅटबेडवर न्या किंवा जागेवर काम करा. चालत्या गाडीत पाय अचानक खाली गेला तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून ठेवत थोडा थोडा ओढा. इंजिन बंद करू नका. बूस्टरची मदत जाईल आणि घाईत किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंगही लॉक होईल.

## तयारी

सामान आधी जमवा. डबीचं (मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणाऱ्या छोट्या टाकीचं) झाकण उघडं टाकून ब्रेक ऑइल आणायला दुकानात जायची वेळ येऊ देऊ नका.

- ब्रेक ऑइल: डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं, सीलबंद, 500 मिलिच्या दोन बाटल्या. छोट्या गाडीचं पूर्ण ऑइल बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं.
- निपलसाठी (प्रत्येक चाकापाशी हवा काढायला असलेला पोकळ स्क्रू) 8 आणि 10 मिमीचे रिंग पाने. पाइपच्या नटांसाठी फ्लेअर नट पाना, म्हणजे एका बाजूला फट असलेला रिंग पाना.
- निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी (आतून साधारण 5 मिमी) आणि एक स्वच्छ पारदर्शक बाटली.
- जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे.
- गंज सोडवणारा स्प्रे, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, टॉर्च, चष्मा, हातमोजे.
- पाणी भरलेली बादली आणि फडकं. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर किंवा मडगार्डवर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, कोरड्या फडक्याने पसरवत बसू नका.
- पेडल दाबायला एक समजूतदार माणूस.

ऑइलच्या ग्रेडबद्दल थोडं, कारण गोंधळ इथेच होतो. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ग्लायकॉल जातीची ऑइलं, ती एकमेकांत मिसळतात. डॉट 5 सिलिकॉनचं असतं. नाव जवळचं असलं तरी ते यांच्यात कधीही घालायचं नाही. ग्लायकॉल ऑइल हवेतली ओल ओढतं. नव्या डॉट 3 चा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो आणि जवळजवळ पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर किमान 140 अंश धरला जातो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. म्हणून गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली वापरायची नाही, कपाटात ठेवलेली असली तरी.

इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ज्या नरसाळ्यातून ओतलं ते ब्रेक ऑइलला वापरू नका. खनिज तेलाचा थोडासा अंशही आतली रबरं फुगवतो. याची खूण सोपी आहे: डबीच्या झाकणाखालचं रबर फुगून, वाकडं होऊन बाहेर लोंबत असेल तर चुकीचं तेल पडलेलं आहे. अशा वेळी हवा काढून काहीही साधत नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शू ढकलणारा), कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) सील्स, होज (लवचिक रबरी नळ्या), रबर असलेलं सगळं बदलावं लागतं.

## टप्पा 1: पेडल काय सांगतंय ते ओळखा

गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक व्हायला लागलं की पुढच्या चाचण्या सुरू करा.

1.1 मऊ, दाबल्यावर लवचिक. पायाला उशी लागल्यासारखं वाटतं, जोर वाढवला तर आणखी थोडं जातं, पण धरून ठेवलं तर एका जागी थांबतं. पंप केल्यावर थोडं सुधारतं. संशय: ओळीत, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत, हवा, फुगणारे जुने होज, वाकडे झिजलेले किंवा नीट न बसलेले पॅड.

1.2 पहिल्या दाबात खूप खाली, दुसऱ्या-तिसऱ्यात वर आणि कडक. पंप केल्यावर वर आलेलं पेडल टणक लागत असेल तर हवेपेक्षा सैल अंतराचा संशय घ्या: मागचे शू, किंवा चाकाच्या बेअरिंगमधल्या खेळामुळे मागे ढकलले जाणारे पॅड.

1.3 धरून ठेवल्यावर हळूहळू बसत जातं. ऑइल कुठेतरी जातंय. बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आत एका बाजूकडून दुसरीकडे निसटतंय. क्वचित एबीएसच्या युनिटमधला व्हॉल्व्ह गळतो.

1.4 घाट उतरताना मऊ, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोहोचेपर्यंत पाय खाली जायला लागला आणि अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झालं, तर ओल मुरलेलं ऑइल उकळून आत वाफ झाली होती. मास्टर सिलिंडरला हात लावू नका. पूर्ण ऑइल बदला, कुठला ब्रेक घासत राहतोय का ते बघा, आणि उतारावर खालचा गिअर वापरा.

1.5 इंजिन सुरू केल्यावर पाय थोडा खाली गेला. हा दोष नाही. पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलं की बूस्टर मदतीला येतो आणि पेडल थोडं खाली सरकतं. सरकलंच नाही तर बूस्टर किंवा व्हॅक्यूमच्या होजमध्ये बिघाड आहे, आणि तिथे पेडल कडक लागतं, मऊ नाही. एवढ्याशा गोष्टीवरून ‘पेडल बसतंय’ म्हणून चांगले मास्टर सिलिंडर बदलले जातात.

1.3 ची खात्री करायची एक पद्धत बरेच जण उलटी करतात. जोरात लाथ मारून धरलं आणि पेडल टिकलं, म्हणजे मास्टर सिलिंडर चांगला, असा समज आहे. प्रत्यक्षात जास्त दाबाखाली आतल्या कपाची (पिस्टनवरच्या रबरी सीलची) कड भिंतीवर घट्ट बसते आणि झिजलेला कपही दाब धरतो. गळती उघडी पडते ती हलक्या, सावकाश दाबात. म्हणून दोन्ही करा: आधी सिग्नलला उभं असताना ठेवतो तेवढा हलका पाय मिनिटभर, मग जोर लावून मिनिटभर. हलक्यात बसतंय आणि जोरात टिकतंय, तर बोट मास्टर सिलिंडरकडे.

तपासणी: पाचपैकी नेमका कोणता प्रकार ते कागदावर लिहा. दोन प्रकार एकत्रही असू शकतात. जुन्या गाडीत सैल शू आणि थोडी हवा ही जोडी नेहमीची.

## टप्पा 2: आकडा डोक्यात ठेवा

पुढच्या टप्प्यांत ‘एवढ्याशाने काय होतंय’ असं वाटू नये म्हणून एक हिशोब. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिमी आणि पेडलची तरफ 4:1 धरा. ओळीत 1 मिलि हवा राहिली तर ती दाबून संपवायला मास्टरचा पिस्टन साधारण 3 मिमी जादा सरकतो, म्हणजे पेडल बारा-तेरा मिमी खाली. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे 50 मिमीचे पिस्टन प्रत्येकी फक्त पाव मिमी मागे ढकलले गेले तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. बेअरिंगचा हाताला जेमतेम जाणवणारा खेळ पायाला एवढा का जाणवतो, ते यावरून कळेल.

## टप्पा 3: बाहेरची गळती शोधा

डबीतली पातळी बघा. मिनच्या खाली असेल तर दोन शक्यता: गळती, किंवा पॅड झिजल्याने पिस्टन पुढे आले आणि ऑइल कॅलिपरमध्ये गेलं. म्हणून नुसती भर घालू नका, आधी पॅड बघा. क्लच हायड्रॉलिक असेल आणि त्याची नळी याच डबीतून जात असेल तर क्लचच्या सिलिंडरची गळतीही इथेच दिसते.

1. बॉनेटमध्ये मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे मिळतो तो सांधा टॉर्चने बघा. ओल किंवा बूस्टरचा रंग सोललेला दिसला तर मागचं सील गेलंय. बाहेर काही दिसत नाही पण ऑइल कमी होतंय, तर मास्टरचे दोन नट सैल करून तो पाइप न खोलता थोडा पुढे ओढा आणि मागून बोट फिरवा. ऑइल बूस्टरच्या पोटात साठत जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही.
2. चारही चाकं काढा. गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही.
3. पुढे होजच्या दोन्ही टोकांना आणि वळणाच्या जागी भेगा बघा. माणसाला पेडल दाबायला सांगून होज बोटांत धरा. फुगलेला कळतो.
4. मागे ड्रम काढा. अडकला असेल तर बऱ्याच ड्रमना दोन आटे असलेली भोकं असतात, त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटतो. आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.
5. व्हील सिलिंडरचं टोकाचं रबर हळूच उचला. आत कोरडी धूळ असेल तर ठीक. ऑइल निघालं तर सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचा. ऑइल प्यायलेले लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) धुऊन वापरायचे नसतात, तेही बदला.
6. गाडीच्या पोटाखालून मागे जाणारे लोखंडी पाइप क्लिपांपाशी बघा. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेतल्या गाड्यांत पाइप क्लिपखालीच गंजतो, कारण चिखल आणि ओल तिथे धरून राहते. वायर ब्रशने गंज काढल्यावर खड्डे दिसले तर पाइप बदला. एम-सील, डाग, रबरी नळीचा जोड, यांतलं काहीही ब्रेकच्या पाइपवर चालत नाही.

इशारा: ड्रम काढलेला असताना पेडल दाबू नका. व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतील आणि नसलेलं काम वाढेल.

## टप्पा 4: मागचे शू जवळ आणा

प्रकार 1.2 असेल तर हवा काढण्याच्या आधी हे. ड्रम काढण्याआधीची झटपट चाचणी: इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल ठळकपणे वर आलं तर शू सैल आहेत.

शू आपोआप जवळ आणणारा अ‍ॅडजस्टर बहुतेक ड्रममध्ये असतो, पण तो धुळीने जाम होतो. त्याहून जास्त वेळा तो जाम केला जातो: हँडब्रेक वरपर्यंत येतो म्हणून केबलचा नट आवळून दिला जातो. केबल ताणलेली राहिली की शूचा लिव्हर विश्रांतीच्या जागी परत येत नाही आणि अ‍ॅडजस्टर पुढचा दात पकडत नाही. हँडब्रेक छान लागतो आणि पेडल दर महिन्याला खाली जात राहतं.

म्हणून क्रम असा:

1. हँडब्रेक खाली, केबलचा नट सैल.
2. अ‍ॅडजस्टर खोलून साफ करा. दात झिजलेले असतील तर बदला. चक्रीचा असेल तर आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा, लायनरला लागू देऊ नका. डाव्या-उजव्या बाजूचे अ‍ॅडजस्टर अदलाबदल करू नका. उलटे बसले तर ते शू दूर नेतात.
3. अ‍ॅडजस्टर वाढवत जा. ड्रम बसवताना शू किंचित घासले पाहिजेत, पण ड्रम हाताने फिरला पाहिजे.
4. दोन्ही ड्रम बसवून पेडल दहा-पंधरा वेळा दाबा. बऱ्याच गाड्यांत आतून कट-कट ऐकू येते, ती थांबेपर्यंत दाबत राहा.
5. सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्लिकांइतकीच.

तपासणी: पेडल आता पहिल्याच दाबात वर आणि टणक? मग काम इथेच संपलं असण्याची शक्यता आहे. पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगचा खेळ तेवढा बघून घ्या.

## टप्पा 5: मास्टर सिलिंडर की पुढची ओळ?

बाहेर गळती नाही, शू ठीक, तरी पेडल बसतंय किंवा मऊच आहे. आता अंदाज नको, ओळीचे भाग वेगळे करून बघा.

5.1 डबीत बघा. झाकण काढा, चष्मा घाला, माणसाला पेडल सावकाश दाबून धरायला सांगा. सुरुवातीला एक छोटी उसळी दिसते, ती नेहमीची. पेडल धरलेलं असताना ऑइलमध्ये सतत भोवरा फिरत राहिला तर कप गळतोय. पेडल सोडताना ऑइल उडू शकतं, तोंड डबीवर धरू नका.

5.2 होज चिमटवा. होजसाठीचा गोल जबड्यांचा क्लॅम्प चारही लवचिक होजना लावा. पक्कड किंवा व्हाइस ग्रिप वापरली तर होज आतून फाटतो आणि आठवड्याने नवा दोष तयार होतो. भेगा पडलेल्या होजवर तर क्लॅम्पही नको, तो तसाही बदलायचाच आहे. सगळे चिमटल्यावर पेडल वर आणि दगडासारखं झालं, तर मास्टर सिलिंडर आणि लोखंडी पाइप निर्दोष. आता एकेक क्लॅम्प सोडा. जो सोडल्यावर पेडल खाली गेलं त्या चाकावर काम करा.

5.3 मास्टरला बुच लावा. चिमटूनही बसत असेल तर मास्टरचे पाइप सोडून त्या आट्यांचे ब्रेकसाठीचे बुच आवळा. साधा बोल्ट चालत नाही, त्याचं तोंड सीटवर बसत नाही. बुच लावून त्यातली हवा निघाल्यावरही पेडल बसतंय तर मास्टर सिलिंडर गेला. पेडल टणक झालं तर दोष मास्टर आणि होज यांच्या मध्ये, म्हणजे पाइप किंवा एबीएस युनिट. पाइप टप्पा 3 मध्ये कोरडे दिसले असतील तर संशय युनिटवर.

एबीएस युनिट महाग असतं, म्हणून 5.3 केल्याशिवाय ते बदलायला कुणालाही होकार देऊ नका.

## टप्पा 6: मास्टर सिलिंडर बदलताना

रबर किट टाकून भागतं का? आतली भिंत आरशासारखी असेल तर भागतं. पण कप झिजतो तो बहुतेक वेळा भिंतीवरच्या ओरखड्यामुळे किंवा ओलीने पडलेल्या खड्ड्यांमुळे, आणि त्याच भिंतीवर नवा कपही झिजतो. बोट फिरवून नखाला काही अडकलं तर अख्खा सिलिंडर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून पॉलिश पेपर मारून देणाऱ्याला नको म्हणा.

1. डबीतलं ऑइल पिचकारीने काढा, पातळीच्या सेन्सरची वायर सोडा.
2. पाइपचे नट फ्लेअर नट पान्यानेच सोडा. साध्या ओपन पान्याने कोपरे गोल होतात आणि मग पाइपच कापावा लागतो.
3. नवा सिलिंडर बाकावर शिकंज्यात धरून आधी भरा: दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवा, बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दोन-अडीच सेंमी दाबा, सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत. ही पायरी गाळली तर सिलिंडरमध्ये अडकलेली हवा चाकांच्या निपलमधून काढताना अर्धा दिवस आणि लिटरभर ऑइल जातं.
4. बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यांच्यातलं अंतर जुन्याशी आणि मॅन्युअलशी ताडून बघा. दांडा लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं छिद्र बंद राहतं आणि गाडी तापल्यावर ब्रेक आपोआप धरतात. आखूड राहिला तर पेडल उगीच खाली.
5. पाइपचे नट आधी हाताने चार-पाच आटे बसवा, मग पाना लावा. तिरका घातलेला नट नव्या सिलिंडरचे आटे खाऊन टाकतो.

## टप्पा 7: हवा काढणं

चाकांचा क्रम मॅन्युअलमधला पाळा. मॅन्युअल नसेल तर मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून जवळ या. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिरकी सर्किटं असलेल्या काही गाड्यांत मागचं डावं झाल्यावर पुढचं उजवं असा क्रम दिलेला असतो.

सुरू करण्याआधी निपलची जागा बघा. निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला असायलाच हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातं, हवा वर अडकते, आणि दहा वेळा काढूनही पेडल मऊच. काम झालेल्या गाडीत पुन्हा तक्रार आली तर हे सर्वांत आधी बघायचं.

1. निपल वायर ब्रशने साफ करा, स्प्रे मारून थांबा. सोडताना आधी किंचित आवळा, मग सोडा. जोर लावून तुटलं तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बदलायची पाळी येते.
2. जुनं काळं ऑइल डबीतून काढून नवं मॅक्सपर्यंत भरा.
3. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल जमिनीपर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टरमध्ये जिथे पिस्टन रोज पोहोचत नाही त्या भागात गंज आणि गाळ असतो. तिथून कप फिरला की फाटतो, आणि मऊ पेडलसाठी आलेली गाडी बसणारं पेडल घेऊन जाते.
4. रिंग पाना आधी निपलवर, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं.
5. माणसाने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि ‘दाबलं’ म्हणायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचं. पेडल खाली गेलं की पाय तिथेच. तुम्ही निपल बंद करून ‘सोड’ म्हटल्यावरच त्याने सोडायचं. पेडल वर आल्यावर दोन-तीन सेकंद थांबा.
6. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत पुन्हा. दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. मिनच्या खाली गेली तर ओळ हवा ओढते आणि पहिल्यापासून सुरुवात.
7. निपल बंद करताना छोटा पाना, हाताच्या बेताचा जोर. ते साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटरचं काम आहे. रबरी टोपी लावा, नाहीतर पावसाळ्यात निपल आतून गंजतं.

भराभर पंप करून निपल उघडायची सवय सोडा. त्याने मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि फेस निघायला तिप्पट वेळ लागतो. व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर लक्षात ठेवा की निपलच्या आट्यांतूनही हवा ओढली जाते. नळीतले बारीक, न संपणारे बुडबुडे ओळीतले नसतात. माणूस नसेल तर नळी लावून निपल उघडा आणि ऑइल आपोआप ठिबकू द्या. वेळ लागतो, पण चुकायला जागा कमी. डबीवरून नजर मात्र हटवायची नाही.

मागच्या चाकातून ऑइल जेमतेम येतंय? पिकअप, व्हॅन आणि काही जुन्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलवर भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलून चाकं लोंबकळली की तो वाट अडवतो. अ‍ॅक्सलखाली आधार देऊन मागचा भाग त्याच्या नेहमीच्या उंचीवर आणा.

एबीएस असेल तर: नुसता होज, कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बदलला असेल आणि डबी रिकामी झाली नसेल तर वरची पद्धत पुरते. डबी कोरडी पडली किंवा युनिटचे पाइप खोलले तर युनिटच्या आत हवा जाते. ती काढायला स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवावा लागतो, त्यानंतर पुन्हा चारही चाकं. इथे स्कॅनर असलेलं गॅरेज गाठणं परवडतं.

## टप्पा 8: गाडी हलवण्याआधी

पॅड बदलले असतील तर पहिल्या दोन-चार दाबांत पेडल जमिनीला लागणार, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात. उभ्या गाडीतच पेडल टणक होईपर्यंत पंप करा. हे विसरून गाडी गॅरेजच्या दारातून थेट समोरच्या भिंतीवर गेल्याच्या गोष्टी मेकॅनिक मंडळींना नव्या नाहीत.

1. डबी मिन आणि मॅक्सच्या मध्ये, झाकण घट्ट.
2. इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवून हलका पाय एक मिनिट, जोराचा पाय एक मिनिट. पेडल तसूभरही खाली जाऊ नये.
3. इंजिन सुरू करून तेच. सुरू होताना एकदा थोडं खाली सरकेल, त्यानंतर स्थिर राहिलं पाहिजे.
4. चाकं उचललेली असतानाच पेडल दाबून सोडा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. एखादं जड राहिलं तर पिस्टन जाम आहे किंवा होज आतून सुजून परतीची वाट अडवतोय.
5. चाकं बसवून नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा.
6. प्रत्येक निपल, प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसा, पेडल जोरात दाबा, पुन्हा टिश्यू लावून बघा.
7. मोकळ्या मैदानात 10 च्या वेगाला थांबवून बघा, मग 20, मग 40. गाडी एका बाजूला ओढते का, पहिला आणि पाचवा ब्रेक सारख्याच उंचीवर लागतो का, डॅशबोर्डवर ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा राहतो का, ते बघा.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका, बाटलीत बंद करून गॅरेजच्या जुन्या तेलात द्या; ते पुन्हा डबीत घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी डबीची पातळी आणि चारही चाकांची आतली बाजू बघा, आठवड्याने पुन्हा एकदा. पातळी केसभरही उतरली असेल तर टप्पा 3 पासून पुन्हा सुरुवात करा.